डायोनिससचा दाखला कशाला?

थ्रेसमधल्या एका म्हातारीने लाकडाचा ठोकळा चिंध्यांत गुंडाळून टोपलीत ठेवला आणि विद्वानांना देव सापडला. ही म्हातारी म्हणजे सोंग घेतलेला गडी. टोपली आपल्या सुपाच्या जातीची, धान्य पाखडायची. गाव आजच्या तुर्कस्तानातल्या विझे शहराजवळचे, तेव्हा ऑटोमन राज्यात असलेले, वस्ती ग्रीक ख्रिस्ती शेतकऱ्यांची. विझेतच जन्मलेले लेखक गेओर्गिओस विझिइनोस यांनी १८८८ साली या खेळाचे वर्णन छापले आणि त्याचे नाते थेट डायोनिसस या प्राचीन ग्रीक मद्यदेवाच्या पूजेशी जोडले. पुढे इंग्रज अभ्यासक आर. एम. डॉकिन्स यांनी तिथल्या आयिओस गेओर्गिओस या गावी तो प्रत्यक्ष पाहून १९०६ मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. तेव्हापासून ग्रीसमधल्या कुठल्याही गावच्या कार्निवलबद्दल वाचायला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात डायोनिसस येतोच. गावची वेबसाइट, पर्यटन खात्याची पत्रिका, नगरपालिकेचा अनुदानासाठीचा अर्ज, सगळीकडे हाच दाखला जोडलेला असतो.

हा दाखला पुराव्याने कच्चा आहे, आणि त्याने रूढीचे भले होण्यापेक्षा नुकसानच अधिक होते. पण ते सिद्ध करायचे तर आधी खेळ नीट पाहायला हवा. दाखल्यावर वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी खेळाचे वर्णन पुरते वाचलेलेही नसते.

खेळाचे नाव कालोगेरोस. शब्दशः ‘भला म्हातारा’, रूढ अर्थ ‘मठातला जोगी’. दिवस चीज सोमवारचा. ऑर्थोडॉक्स पंचांगात ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपासाआधी तीन मोकळे आठवडे असतात. त्यातल्या शेवटच्या आठवड्यात मांस बंद झालेले असते, दूध, चीज, अंडी चालतात. त्या आठवड्याचा सोमवार म्हणजे चीज सोमवार, ईस्टरच्या बरोबर ५५ दिवस आधी. २०२४ मध्ये तो ११ मार्चला आला, २०२६ मध्ये १६ फेब्रुवारीला. जवळजवळ महिन्याचे अंतर. पेरणीचा खेळ असूनही तो जमिनीच्या वाफशावर चालत नाही, चर्चच्या तिथीवर चालतो, हे इथेच लक्षात ठेवावे.

मुख्य पात्रे दोन कालोगेरोस. दोघेही लग्न झालेले असावेत अशी अट, आणि निवड एकदम चार वर्षांसाठी. डोक्यावर खांद्यापर्यंत येणारे कातड्याचे टोपरे, अंगावर बोकडाचे किंवा हरणाच्या पाडसाचे कातडे, तोंडाला काजळी, कमरेला गुरांच्या घंटा. एकाच्या हाती धनुष्य, दुसऱ्याच्या हाती लाकडी लिंग, ज्याने तो घरोघरची दारे ठोठावतो. ‘कोरित्सी’ म्हणजे मुली, या दोघी प्रत्यक्षात बिनलग्नाची पोरे. मग ती म्हातारी, बाबो. मग कात्सिवेलोस जोडपे, म्हणजे भटके लोहार नवराबायको. तलवार-चाबूकवाले झाप्तिये, म्हणजे तुर्की शिपाई. आणि कातडी पिशवीचे गायदा हे वाद्य वाजवणारा.

सकाळ घरोघर फिरण्यात जाते. भाकरी, अंडी, नाणी गोळा होतात. दुपारी सगळा गाव चर्चपुढच्या मोकळ्या जागेत जमतो आणि ओळीने प्रसंग होतात. कात्सिवेलोस जोडपे नांगराचा फाळ घडवल्याचे सोंग करते. बाबोच्या टोपलीतले सात महिन्यांचे, बाप माहीत नसलेले मूल भराभर वाढते, खायला मागते, प्यायला मागते आणि लगेच बायको मागते. पहिला कालोगेरोस एका कोरित्सीशी लग्न लावतो, करवलाही असतो. लग्न लागून घटका होत नाही तोच दुसरा कालोगेरोस त्याला मारतो. मेलेल्याचे कातडे सोलल्याचे नाटक होते, नवरी अंगावर पडून रडते, प्रेतयात्रेची नक्कल निघते, आणि मेलेला एकदम उठून उभा राहतो. पुन्हा फाळ घडवला जातो. आता खरा नांगर येतो. बैलांच्या जागी कोरित्सींच्या मानेवर जू. नांगर चौकात फिरतो, मागून एक जण बी फेकत जातो आणि ओरडतो: गहू दहा पियास्त्र माप होवो, राय पाच, जव तीन, आमेन, देवा, गरिबांना पोटभर मिळो. कोकणातल्या गाऱ्हाण्याची सवय असलेल्या कानाला इथे ‘होय महाराजा’ ऐकू येईल. (विकणाऱ्या शेतकऱ्याने भाव पडावा म्हणून देवाकडे मागणे हे आजच्या हमीभावाच्या काळात चमत्कारिक वाटते, पण पेरणारा आणि विकत घेऊन खाणारा एकच असतो, अशा गावाचे ते मागणे आहे.)

आता दाखल्याच्या बाजूने बोलू, आणि हातचे राखून न ठेवता बोलू. धान्य पाखडायच्या त्या टोपलीला प्राचीन ग्रीकमध्ये ‘लिक्नोन’ म्हणत, आणि ‘लिक्निटिस’ म्हणजे सुपातला, हे डायोनिससचे विशेषण होते. डेल्फीला थियादी, म्हणजे डायोनिससच्या उपासक स्त्रिया, या सुपातल्या देवाला जागवत, असे प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो. बाबोच्या टोपलीला तिथे लिक्नीच म्हणत. टायटन दैत्यांनी फाडून खाल्लेला आणि पुन्हा जन्मलेला देवही तोच. लिंगाची मिरवणूक ग्रामीण डायोनिसिया या त्याच्या उत्सवात निघे, ॲरिस्टोफेनिसच्या इ.स.पू. ४२५ मधल्या ‘अखार्नियन्स’ नाटकात एक शेतकरी घरच्या घरी ती काढतो. जुना साधा डायोनिसिया म्हणजे दारूचा घडा, वेल, ओढत आणलेला बोकड, अंजिरांची टोपली आणि शेवटी लिंग, अशी यादी प्लुटार्कनेच देऊन ठेवली आहे. अथेन्समध्ये फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास अँथेस्टेरिया होई, त्यात नगराच्या धर्माधिकाऱ्याची पत्नी डायोनिससशी विवाह करी. बोकडाचे कातडे आहे, ‘ट्रॅजेडी’ या शब्दात ‘त्रागोस’ म्हणजे बोकड आहे, आणि थ्रेस तर ग्रीकांच्या लेखी डायोनिससच्याच मुलखात मोडे. एवढे एकत्र मांडले की कोणालाही मोह पडेल. विझिइनोसना पडला यात नवल नाही.

पण मोह पडायला गिऱ्हाईकही तयार होते. १८३० मध्ये, ग्रीस स्वतंत्र झाले त्याच सुमारास, फालमेरायर नावाच्या जर्मन इतिहासकाराने लिहिले की आजच्या ग्रीकांच्या अंगात प्राचीन हेलेनी रक्ताचा थेंबही नाही. नव्या राष्ट्राच्या वर्मी बसलेला हा घाव. त्याला उत्तर द्यायला लोकजीवनाचा अभ्यास उभा राहिला. निकोलाओस पोलितिस यांनी १८८४ मध्ये त्याला ‘लाओग्राफिया’ हे नाव दिले आणि १९०८ मध्ये त्याची संस्था काढली. खेड्यातली प्रत्येक ओवी, प्रत्येक सोंग हे अखंड वंशावळीचे कागदपत्र झाले. बाबोच्या टोपलीत राष्ट्राचा जन्मदाखला ठेवला गेला. दुसरे गिऱ्हाईक केंब्रिजचे. शोकांतिका विधीतून जन्मली हे दाखवायला तिथल्या अभ्यासकांना जिवंत विधी हवाच होता. डॉकिन्सचा प्रबंध नेमक्या वेळी आला. चार वर्षांत रिजवे यांनी तो शोकांतिकेच्या उगमाच्या चर्चेत वापरला. फ्रेझर यांनीही त्याला आपल्या मोठ्या ग्रंथात जागा दिली.

मधल्या काळाचे काय? अँथेस्टेरियाचे शेवटचे ठोस उल्लेख आणि १८८८ यांच्यात दीड हजार वर्षांहून मोठी दरी आहे. त्या दरीत दाखलेवाल्यांच्या हाती एक चांगला कागद आहे: कॉन्स्टँटिनोपलच्या त्रुल्लो या चर्च-परिषदेचा ६२ वा नियम, सन ६९१-६९२ मधला. तो वाचण्यासारखा आहे. कॅलेंड, वोता, ब्रुमालिया हे सण आणि १ मार्चचा मेळा बंद करावा. स्त्रियांनी जाहीरपणे नाचू नये. पुरुषाने स्त्रीवेश आणि स्त्रीने पुरुषवेश घेऊ नये. विनोदी, सॅटिर किंवा शोकांतिकेचे मुखवटे लावू नयेत. द्राक्षे तुडवताना ‘त्या घृणास्पद डायोनिससचे’ नाव घेऊ नये. मोडणारा पाद्री असेल तर पदावरून काढावा, प्रापंचिक असेल तर बहिष्कृत करावा.

पाहा, डायोनिसस आहे! पण कुठे आहे? द्राक्षे तुडवण्याच्या कुंडात, म्हणजे शरद ऋतूत. मुखवटे आणि स्त्रीवेश यांच्याबरोबर ज्या सणांची नावे आहेत ते रोमन आहेत. कॅलेंड म्हणजे १ जानेवारी, ब्रुमालिया नोव्हेंबर-डिसेंबरचा. त्याआधी, सन ४०० च्या सुमारास, अमासियाच्या आस्तेरियस या बिशपने प्रवचनात झोडपलेले बायकी वेशातले शिपाईही कॅलेंडचेच. म्हणजे हिवाळ्यात सोंग घेऊन दारोदार फिरण्याचा जो जुन्यात जुना लेखी माग लागतो तो रोमन नववर्षाकडे जातो. आजही मकेदोनियातले बरेचसे कातडेघंटावाले नाताळ ते ६ जानेवारीच्या बारा दिवसांत फिरतात, कार्निवलात नाही, हे त्याच्याशी जुळते. पण ‘आमची रूढी रोमन कॅलेंडची’ असा फलक कुठल्याच गावाने लावलेला नाही. रोमनांत मिरवण्यासारखे काही नसावे.

सर्वांत भक्कम उदाहरण घेऊ. द्रामा जिल्ह्यातल्या काली व्रिसी गावी ६ ते ८ जानेवारीला ‘बाबूयेरा’ निघतात: कातडी, मुखवटे, घंटा, शेवटी नकली लग्न. याच गावाशेजारी हेलेनिस्टिक, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या, काळातले डायोनिससचे देवालय उत्खननात सापडले. आता आणखी काय हवे? हवे ते एकच: मधल्या दोन हजार वर्षांत तिथे कोण राहत होते, कोण उठून गेले, कोण येऊन बसले, याची सलग नोंद. बाल्कनमध्ये अशी नोंद कुठल्याच खेड्याची नसते. आपल्याकडे यादवकालीन भग्न देवळाच्या ओट्यावर आज ज्यांचे बोहाडे नाचतात, ते नाचणारे यादवांपासूनचे, असे कोणी ठासून सांगणार नाही. जागा तीच असणे हा परंपरेचा पुरावा नसतो, कित्येकदा चांगल्या जागेचा असतो.

साम्य हा पुरावा मानला तर काय होते ते दूर कशाला, कोकणात पाहू. शिमग्यात रत्नागिरीकडे संकासूर निघतो: काळा अंगरखा, टोकदार टोपी, तोंड झाकलेले, पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. बरोबर गोमू, म्हणजे साडी नेसलेला मुलगा. एजियन समुद्रातल्या स्कीरोस बेटावर कार्निवलात ‘येरोस’ म्हणजे म्हातारा निघतो: काळा केसाळ झगा, तोंड झाकलेले, कमरेला घंटा. बरोबर ‘कोरेला’, म्हणजे पांढऱ्या बायकी वेशातला पुरुष. दोन्ही फाल्गुनाच्या आसपास. शिवाय मेगॅस्थेनिसची साक्ष काढता येईल: भारतातले डोंगरात राहणारे तत्त्वज्ञ डायोनिससला भजतात असे त्याचे म्हणणे स्ट्रेबोने नोंदवले आहे. भारतीयांना बैल जुंपून नांगरायला डायोनिससनेच शिकवले, असेही एरियनने लिहून ठेवले आहे. झाला संकासूर डायोनिसस! गुहागरच्या वेशीवर असे बोललात तर लोक हसतील, आणि ते हसणे बरोबर असेल. काली व्रिसीला मात्र हाच युक्तिवाद गंभीर चेहऱ्याने चालतो. शिवाय बल्गेरियात असाच ‘कुकेर’ आहे, पेर्निकचा ‘सुरोवा’ २०१५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. हंगेरीत मोहाच गावचे ‘बुशो’ त्याहून आधीपासून, २००९ पासून. स्लोव्हेनियाचे कुरेंट आहेत, सार्डिनियाचे मामुथोनेस आहेत. घंटा आणि कातडी जिथे मेंढपाळ तिथे. डायोनिससचे नाव सगळीकडे लावायचे तर ते इतके ताणावे लागते की त्याला काही अर्थच उरत नाही.

स्कीरोसचे लोक स्वतः काय सांगतात? एका कडक हिवाळ्यात एका मेंढपाळाचा सगळा कळप बर्फात मेला. त्याने मेलेल्या जनावरांच्या गळ्यातल्या घंटा काढून स्वतःच्या कमरेला बांधल्या आणि गावात उतरला. ही कथाही इतिहास नसेल. पण तिच्यात घंटा कोणाच्या, कातडे कोणाचे, वजन कशाचे, या प्रश्नांची उत्तरे आहेत. देवाच्या कथेत ती नाहीत.

आणि रूढी जगते ती या वजनावर. येरोसच्या कमरेला दोन-तीन रांगांत पन्नासेक घंटा असतात, एकूण भार ५० किलोच्या घरात जातो. झगा मेंढपाळाचाच, फक्त केसाळ बाजू बाहेर येईल असा उलटा घातलेला. त्याखाली पांढरी लोकरी विजार, पाठीवर चिंध्या भरून केलेले कुबड, हातात आकडीची काठी. तोंडावर करडाचे अख्खे कातडे, डोळ्यांपुरती दोन भोके. हा वेश एकट्याला चढवता येत नाही. घंटांचा दोर दुसऱ्याने ओढून बांधावा लागतो, आणि तो कुठे बसतो यावर सगळे अवलंबून असते. कमरेच्या हाडावर घट्ट बसला तर भार कुल्ल्यांवर उतरतो आणि कंबरेच्या एका हिसक्यात सगळ्या घंटा एकदम बोलतात. बोटभर सैल राहिला तर प्रत्येक घंटा आपापल्या वेळी वाजते. तालाच्या जागी गोंगाट होतो आणि खालची रांग मांड्या सोलवटते. फार घट्ट बांधला तर चढावर श्वास पुरत नाही, आणि वाट तर चढाचीच असते, थेट माथ्यावरच्या सेंट जॉर्जच्या मठापर्यंत. घंटाही सारख्या नसतात. ओतीव घंटेचा आवाज स्वच्छ आणि लांबणारा, ठोकलेल्या पत्र्याच्या घंटेचा जाड आणि बसका. दोन्हींचे प्रमाण जमले तरच चालण्याला ठेका येतो. एखाद्या घंटेला तडा गेला तर ती सगळ्या रांगेचा आवाज मारते, आणि गर्दीत ती कोणती हे पटकन सापडत नाही. करडाचे कातडे नीट कमावले नाही तर दुसऱ्या वर्षी लाकडासारखे ताठ होते, घामाने आकसते, आणि डोळ्यांची भोके डोळ्यांपुढून सरकतात.

यातले एकही ज्ञान डायोनिससच्या दाखल्यात नोंदलेले नसते. दोर बांधणारा माणूस मेला की ते जाते. तेव्हा माथ्यावर कितीही प्राचीन देव असला तरी खाली उरते ती पन्नास किलो पितळ उचलून धापा टाकणारी पोरे.

दाखल्याच्या बाजूचा एक मुद्दा मात्र मला सहज मोडता येत नाही. १९२२ मध्ये आणि पुढे १९२३ च्या लोझान करारातल्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्येच्या अदलाबदलीत मिळून सुमारे १२ लाख ख्रिस्ती निर्वासित ग्रीसमध्ये आले. त्यांत पूर्व थ्रेसचे लोक होते. आज बल्गेरियात असलेल्या कोस्ती गावचे लोक त्याआधीच उठले होते. त्यांतले काही सेरेसजवळच्या आयिआ एलेनीत वसले. स्थानिक ग्रीक या सगळ्यांना ‘तुर्काचे बीज’ म्हणून हिणवत. अशा माणसाच्या हाती कोणी ‘तुझे सोंग होमरच्या काळचे आहे’ असा कागद दिला तर तो का टाकेल? त्याच्या लेखी तो कागद पर्यटनाचा नव्हता, गावात मानाने उभे राहण्याचा होता. फाळणीनंतर उल्हासनगरात आलेल्या सिंध्याला मोहेंजोदडोचा जो आधार वाटला असेल, त्याच जातीचा हा आधार. त्या पिढीला मी दोष देणार नाही.

पण त्याच आयिआ एलेनीत दाखला उलटलाही. कोस्तीचे लोक कालोगेरोसबरोबर अनास्तेनारियाही घेऊन आले: संत कॉन्स्टंटाइन आणि हेलेना यांच्या मे महिन्यातल्या सणाला, त्यांच्या प्रतिमा हाती धरून, निखाऱ्यांवरून चालण्याचा विधी. चालणारे स्वतःला ख्रिस्तीच समजतात, दुसरे काही नाही. पण खुर्मुझियादिस यांनी १८७३ मध्ये त्यावर पहिला निबंध लिहिल्यापासून अभ्यासकांनी त्यात डायोनिसस शोधला, आणि मग ग्रीक चर्चनेही तेच प्रमाण मानून त्यांना मूर्तिपूजक ठरवले. अभ्यासकाने कौतुकाने दिलेले नाव पाद्रीच्या हाती आरोपपत्र होते. श्रद्धावंत माणसाला मग आपल्याच गावात सिद्ध करावे लागते की तो ज्या देवाचे नाव घेतो त्याच देवाचा आहे. कालोगेरोसमध्ये बी पेरणारा ‘आमेन, देवा’ म्हणतो. त्याचे ऐकायचे की प्लुटार्कचे?

दुसरे नुकसान निवडीचे. दाखला मिळवायचा तर दाखल्यात बसेल तेच पुढे केले जाते. लिंग, मृत्यू, पुनरुत्थान यांवर पानेच्या पाने लिहिली गेली. झाप्तिये शिपाई, कात्सिवेलोस लोहार, गव्हाचा भाव यांना ‘नंतरची भर’ म्हणून बाजूला सारले. वास्तविक १९०६ मध्ये झाप्तिये ही सोंगातली सगळ्यात धीट गोष्ट होती: खरा तुर्की शिपाई गावात असताना त्याची नक्कल करणे. देव मेला आणि उठला यापेक्षा त्या शिपायाच्या लाकडी तलवारीत त्या वर्षीचे गाव अधिक दिसते. कात्सिवेलोसांच्या नकलेतले अश्लील प्रसंग तर अभ्यासकांनी एका वाक्यात उरकले. थेसालीच्या तिर्नावोस गावी ‘शुद्ध सोमवारी’, म्हणजे मोठ्या उपासाच्या पहिल्या दिवशी, पालकाचे, तेल न घातलेले आंबट ‘बुरानी’ सूप शिजते आणि मातीची लिंगे मिरवतात. तिथेही सूप कसे शिजते, कोण ढवळते, याच्यावर दोन ओळी आणि लिंगांचीच छायाचित्रे.

तिसरी गोष्ट बायकांची, आणि इथे दाखला स्वतःच्याच जाळ्यात अडकतो. डायोनिससच्या पूजेत पुढाकार बायकांचा होता. डोंगरात धावणाऱ्या त्याच्या भक्तिणी मीनाड, डेल्फीच्या थियादी, अथेन्सची ती धर्माधिकाऱ्याची पत्नी. थ्रेसच्या खेळात मात्र बाईचे प्रत्येक पात्र पुरुष करतो. स्कीरोसला अलीकडे बायका कोरेला होतात, तेव्हा जुनी मंडळी नाक मुरडतात आणि परंपरेचा हवाला देतात. कुठल्या परंपरेचा? डायोनिससची मानली तर बायकांना आधी घ्यायला हवे. आजोबांची मानली तर डायोनिससला फलकावरून खाली उतरवायला हवे. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येणार नाही.

नाव पुस्तकातून कसे प्रवास करते याचा नमुना गोव्यातच आहे. पणजीच्या कार्निवलात ‘किंग मोमो’ येऊन खा, प्या, मजा करा असे फर्मान काढतो. मोमो म्हणजे मोमोस, ग्रीकांचा टवाळीचा देव. मग गोव्याचा कार्निवल ग्रीक का? नाही. हे नाव ग्रीक-लॅटिन ग्रंथांतून युरोपच्या दरबारी करमणुकीत आले, इबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालात, रुळले, रिओमध्ये १९३० च्या दशकात कार्निवलचा राजा झाले, आणि गोव्यात १९६५ पासून चित्ररथांची मिरवणूक सुरू झाली तिच्यात आले. त्याहून जुना ‘इंत्रूज’ साष्टीच्या वाड्यावाड्यांत खेळला जात होता, पीठ आणि पाणी फेकत, अंगणात खेळ करत. चांदरला याच दिवसांत मुसळ खांद्यावर घेऊन ‘मुसळ खेळ’ नाचतात आणि त्याचे नाते कदंबांच्या चंद्रपूरशी सांगतात. मोमो त्याला ओळखतही नाही.

हाच मोमोस ग्रीसमध्येही आहे. कोझानी भागातल्या आठ गावांची ‘मोमोएरिया’ २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. काळ्या समुद्राकाठच्या पोंटसहून आलेल्या निर्वासितांचा हा खेळ, २५ डिसेंबर ते ५ जानेवारी, तीस पुरुष नाचणारे. नोंदीत लिहिले आहे की हे तीस जण मोमोस देवाचे पुजारी असल्याचे सांगतात, किंवा अलेक्झांडरचे सेनापती. त्या ‘किंवा’वर थांबावे. देवाचा पुजारी आणि मकेदोनियन सरदार, दोन्हीपैकी काहीही चालेल, फक्त प्राचीन हवे.

गंमत म्हणजे युनेस्कोने हे मागितलेलेच नाही. अमूर्त वारशाच्या २००३ च्या करारात, जो ग्रीसने २००७ मध्ये स्वीकारला, वारशाची व्याख्या अशी आहे की तो पिढ्यान्पिढ्या हस्तांतरित होतो आणि लोक तो सतत नव्याने घडवतात. किती जुना, याची अट नाही. अट नसलेला रकाना गावे आपण होऊन भरतात, कारण जुनेपणाचे बिल्ले पर्यटकाला विकता येतात, दोर बांधण्याचे कसब विकता येत नाही. पैसा येतो हे खरे. पण तो रंगमंचाला येतो. पाहुण्यांच्या सोयीसाठी सोमवार सोडून रविवारी खेळ करावा असा आग्रह सुरू होतो, मग घरोघरची फेरी लांबते म्हणून गाळावी असा. फेरी गेली की अंडी-भाकरी गेली, दार ठोठावणे गेले, घराघराचा हिस्सा गेला. मैदानावर उरतो तो लाउडस्पीकर आणि त्यातून डायोनिससवर माहिती देणारा निवेदक.

अनुदान द्यायचेच असेल तर मी अर्जातून ‘उगम’ हा रकाना काढून टाकीन आणि वेगळे प्रश्न विचारीन. गेल्या वर्षी किती घरांची फेरी झाली, किती दारे उघडली? घंटा कळपातून आल्या की दुकानातून, आणि तडा गेलेली घंटा डागतो कोण? गायदा वाजवणारे किती, त्यातले तीस वर्षांखालचे किती? कातडी कमावतो कोण, का हल्ली सगळी तयार विकत आणता? फाळ घडवण्याचा प्रसंग कोणत्या वर्षापासून गाळला? बाबोची टोपली कोणी विणली? आणि सगळ्यात वर, पहिल्याच ओळीत: पुढच्या चार वर्षांचा कालोगेरोस ठरला का, आणि त्याला दोर कोण बांधणार?